गाळलेली जाऊ

सीमेपलीकडच्या मसाटच्या कागद गिरणीत रद्दी निवडायला बसून चंदाला अकरावं वर्ष लागलं होतं. पत्र्याची शेड, एकच फाटक. सकाळी आत गेलं की संध्याकाळी अंग चाचपून घेतल्याशिवाय सुटका नाही. कागदाचा कपटासुद्धा बाहेर नेता येत नसे. गठ्ठा फोडायचा, प्लास्टिक वेगळं, पिना वेगळ्या, उरलेलं लगद्याच्या हौदात. धूळ इतकी, की घरी जाऊन चूळ भरली तर पाणी राखाडी पडायचं. नवरा सुकदेव सुताच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला. साक्रीकडून दोघं आली तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. ते ठरणं कधी विरलं, दोघांनाही कळलं नाही.

चंदाची आठवी झालेली. निवडणाऱ्या नऊ बायकांत वाचणारी तेवढी एकच. दिवाळीनंतर एका गठ्ठ्यात पुठ्ठा निखळलेली मराठी कादंबरी निघाली. केसरबाईनं ती हौदात जाऊ दिली नाही. केसरबाई साठीला टेकलेली, अक्षरशत्रू, जिभेची तिखट. तिनं पोथी ठेवावी तशी ती वजनकाट्यामागच्या गोणपाटात ठेवली आणि सांगून टाकलं, "जेवण झालं की चंदा वाचील. तिचा गठ्ठा आपण निवडू."

तेव्हापासून रोज तसंच चाललं. कादंबरीतली गोदा सासरी कोंडलेली होती, तिला शाळेत शिकवायला जायचं होतं. बायका तिच्या सासूला शिव्या घालत चंदाच्या वाटच्या पिना काढायच्या.

माघात एक दिवस अनुराधा मॅडम शेडमध्ये आल्या. नाशिकच्या, मालाची प्रत तपासणाऱ्या इंजिनियर. "आत तपासणीच्या खोलीत मालाच्या चिठ्ठ्या लिहायला एक बाई हवीय," त्या चंदाला म्हणाल्या. "सोमवारी दोन वाजता ये. थोडं वाचायला, लिहायला लावीन."

"मला नाही जमायचं, मॅडम."

"तरी मी वाट बघेन."

आत धूळ नव्हती, एक खिडकी होती. चंदाला ती खिडकी डोळ्यांपुढून हलेना. पण नापास होऊन परत याच रांगेत बसायचं म्हणजे? गुजराती मुकादम पप्पू आतापासूनच चिडवत होता, "चंदाबेन, पाटी-पेन्सिल घेतली का?"

सोमवारी जेवणं झाली. चंदा वाचू लागली. गोदाला शाळेचं बोलावणं आलं आणि गोदा नाही म्हणाली.

"मूर्ख मेली!" दुर्गा म्हणाली. ती रांगेत सगळ्यात लहान.

"एकटी बाई काय करणार?" चंदानं पान उलटलं.

केसरबाईचा हात थांबला. "थांब वं. दोन पानं उलटली अन् वाचलं एकाचं. काल बी तसंच. माले वाचता येत नही, पण मोजता येतं."

चंदा पुस्तकाकडे बघतच म्हणाली, "यात एक जाऊ आहे. पहिल्यापासून आहे. तिचं नाव दिसलं की मी गाळते."

"का वं? तिनं काय घोडं मारलं तुझं?"

"खोटी वाटते. गोदाच्या वाटचं दळते, भाकऱ्या थापते, अन् तिला म्हणते, तू बस अभ्यासाला. बदल्यात काही मागत नाही. अशी कोण असते?"

दुर्गाला एकदम हसू फुटलं. तिच्या हातात पिन होती, चंदाच्याच गठ्ठ्यातली. "आई गं! अन् आम्ही तीन महिने कोणाचं निवडून राहिलो?"

चंदानं गठ्ठ्याकडे पाहिलं. तो निम्मा झाला होता. तिनं त्याला आज हातही लावला नव्हता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वाच आता," केसरबाई म्हणाली. "गाळलेलं वाच."

चंदानं मागचं पान काढलं. गोदा नाही म्हणाली, त्यानंतर जाऊ काही फार बोलली नव्हती. तिनं गोदाच्या वहाणा उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या होत्या आणि म्हटलं होतं, "चूल मी बघते." गोदा गेली होती.

"टाइम थई गयो, चंदाबेन!" बाहेरून पप्पू ओरडला. दोनला पाच कमी होते.

चंदानं पुस्तक मिटलं. "मी नापास झाले तर?"

"तर परत ये. तुझी जागा कुठं पळते? फाटक तेच, धूळ बी तीच." केसरबाईनं तिच्या पाठीवरची धूळ दोनदा फटकारली. "जा. हे मी बघते."

चंदा उठली. पप्पूच्या समोरून न थांबता गेली.

आत मॅडमनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. चंदानं आधी खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं होतं, तिथून रस्ता दिसत असेल, निदान एखादं झाड. दिसत होती तीच शेड, तेच फाटक. रांगेत आठ डोकी खाली वाकली होती. मधे तिची जागा रिकामी होती, आणि केसरबाई तिचा उरलेला गठ्ठा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत होती.

चंदानं पेन उचललं.