संत्र्याची भट्टी

आई घर सोडून गेली, अन् कारण काय, तं मी ओव्हन घेऊन राहिलो होतो! आजही आठवलं की डोकं सुन्न होतं. लोकांच्या आया काशीला जातात, सुनेशी भांडून लेकीकडे जातात. माझी आई केकच्या डब्यापायी गेली. तसा मी पटकन हादरणारा माणूस आहे. वर्गात डस्टर पडलं तरी दचकतो अन् मग पोरांवरच ओरडतो. पण तो धक्का काही वेगळाच होता बाप्पा.

सगळं सुरू झालं लहान संत्र्यांपासून. सौंसरच्या बाहेर आमची छोटी बाग आहे. शाळा सांभाळून मी ती पाहतो. व्यापारी मोठा माल उचलतो अन् लिंबाएवढी संत्री झाडाखाली तशीच सोडून जातो. एका वर्षी मी ती पोतंभर घरी आणली. मोबाईलवर पाहून रस काढला, साल किसली अन् कुकरमध्ये मीठ तापवून केक लावला. खालून कोळसा, वरून चिखल! बायको म्हणाली, "मास्तर, हा केक आहे का नाली उपसली?" पण मधला भाग, अहाहा! संत्र्याचा असा वास सुटला की शेजारचा कुत्राही दारात येऊन बसला. मी तेव्हाच ठरवलं, आता ओव्हन घ्यायचा.

घ्यायचा म्हणणं सोपं आहे. नागपूरच्या दुकानात गेलो तं तो विक्रेता बोलून राहिला, सोलो, ग्रिल, कन्व्हेक्शन, ओटीजी. मी म्हटलं, भाऊ, मला केक करायचा आहे, परीक्षा नाही द्यायची. त्यानं एक चकचकीत मायक्रोवेव्ह दाखवला, बटणं इतकी की विमान चालवावं. घेणारच होतो, पण शाळेतल्या एका मॅडमकडे तसाच होता, म्हटलं आधी तिथं करून पाहू. पाच मिनिटांत केक फुगला. मी खूश. बाहेर काढला तं पांढराफटक, तापातून उठलेल्या माणसासारखा. तासाभरानं सुरी जाईना. एवढा महागाचा डबा अन् त्यात साधा तांबूस रंग येत नाही! मॅडम म्हणाल्या, "सर, मी तं त्यात दूधच गरम करते." मग हे आधी नाही सांगायचं?

शेवटी मी पांढुर्ण्याला गेलो, बेकरीवाल्या काकांकडे. त्यांची लाकडावरची जुनी भट्टी आहे. लहानपणापासून आम्ही त्यांचे टोस्ट खाल्लेले. काका आता कानानं कमी. त्यांनी मला भट्टीच्या तोंडाशी उभं केलं अन् म्हणाले, "मास्तर, भट्टी वरून अन् खालून, दोन्हीकडून तापली पायजे. खालूनच तापते तो तवा होय. अन् केकचा डबा संगं घेऊन जाजा. डब्याच्या चारी बाजूनं हवा खेळाले जागा पायजे." इतकं साधं मला नागपुरात कोणी सांगितलं नव्हतं. अन् काकांच्या तोंडून तो शब्दही माझ्या तोंडात बसला. भट्टी. ओव्हन म्हणणं मी सोडूनच दिलं.

पुढच्या सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेलेली, घरी आई अन् मीच. आई आत तांदूळ निवडत होती. काकांना ऐकू येत नाही म्हणून मी अंगणात उभा राहून बोंबलून राहिलो होतो, अख्खी गल्ली ऐकेल इतक्या जोरात:

"हो काका, भट्टी घरीच लावतो! … नाही नाही, मोठीच घेतो! … संत्र्याचाच माल काढू पहिले! … खमीर रात्रीच लावून ठेवतो, सकाळपर्यंत फसफसून येते! … लोक घरी येऊन घेऊन जातील ना! … नाही, आईले अजून काई सांगतलं नाई!"

शेवटचं वाक्य मी हळू बोलायला पाहिजे होतं. आईला अचानक ओव्हन दाखवून चकित करायचं माझ्या मनात होतं. मी सायकल काढली अन् शाळेत गेलो.

आमच्या घरी एक रीत आहे. संध्याकाळी मी शाळेतून आलो की आई दारातच पाण्याचा गिलास घेऊन उभी असते. सुनेला देऊ देत नाही, स्वतःच देते. मी पिईपर्यंत अगदी जवळ उभी राहते, "थकला का रे?" विचारते, मी "नाही वो माय" म्हणतो, मग ती आत जाते. बाबा गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तेव्हापासूनची ही रीत. अठ्ठावीस वर्षं. मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो, आईची माया पाहायची असेल तं संध्याकाळी आमच्या दारात या.

त्या संध्याकाळी दारात आई नव्हती, कुलूप होतं.

शेजारच्या काकू चावी घेऊन आल्या. चावी माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली अन् तोंड फिरवलं. म्हणाल्या, "तुमी असे निघसान असं वाटलं नव्हतं मास्तर. माय गेल्या बोरगावले, लेकीकडं. सांगून गेल्या, ज्या घरात भट्टी लागते त्या घरचं पाणी मी पेत नाई."

एका ओव्हनसाठी? अन् लगेच माझं डोकं सणकलं. मला वाटलं, आईला ओव्हन नको आहे! चूल सोडली, मिक्सर घेतला, फ्रिज घेतला, तेव्हा काही बोलली नाही, अन् मी हौसेनं एक वस्तू घ्यायला निघालो तं घर सोडून जाते? गल्लीत माझी शोभा करते? मी शेजाऱ्याची मोटरसायकल मागितली अन् तडक बोरगाव गाठलं.

बहिणीच्या घरी आई बाजेवर बसली होती. जवळ तिची कापडी पिशवी, त्यात दोन लुगडी अन् देवाचा फोटो. देव घेऊन निघालेली बाई चार दिवसांसाठी नाही निघत.

पण रागात माणसाला कुठं शहाणपण असते? मी दारातूनच सुरू झालो. "अवो माय, आजकाल घरोघरी भट्टी आहे! नागपूरच्या मोठमोठ्या घरच्या बाया लावून राहिल्या! त्यात लाजायचं काय?"

आई उठली, माझ्याजवळ आली अन् फाडकन माझ्या थोबाडीत मारली.

चव्वेचाळीस वर्षांचा मी, शाळेतला मास्तर. आईनं लहानपणीही कधी हात लावला नव्हता. बहीण मधे आली. आई तिला बाजूला सारून म्हणाली, "जामसांवलीले आडव्या मारुतीच्या पायावर हात ठेवून काय बोलला होता तू? सोळा सालाचा होता, तुह्या बापाच्या तेराव्यानंतर नेलं होतं तुले. इसरला? त्याची भट्टी पाहूनपाहून माही जिंदगी गेली, अन् तू घरातच लावतो? संत्रा काढतो? खमीर सडवतो? अन् वरून म्हणतो, आईले सांगतलं नाई!"

तेव्हा कुठं माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे भट्टी म्हणजे काय? बेकरीवाले सोडले तं सगळ्यांना एकच भट्टी माहीत, देशी दारूची. बाबा रोज संध्याकाळी म्हणायचे, "भट्टीवर जाऊन येतो." तोच शब्द, त्याच अंगणातून, त्यांच्यासारख्याच आवाजात मी बोंबललो होतो. अन् संत्रा! आम्ही बागवाले, आम्हाला संत्रा म्हणजे फळ. पण देशीच्या बाटलीलाही सगळे संत्राच म्हणतात, अन् बाबा संत्राच प्यायचे. खमीर म्हणजे मला पावाचं, तिला दारूचं. त्यात भर म्हणजे स्वयंपाकघरात केकच्या एसेन्सची तपकिरी बाटली लपवून ठेवलेली मीच. आईला ती तांदूळ निवडल्यावर सापडली होती. बूच उघडून वास घेतला, त्यालाही दारूसारखाच भपका, अन् ती निघालीच.

"केकची भट्टी माय!" मी ओरडलो. "केकची! वाढदिवसाले कापतात तो केक!"

बहिणीनं पदर तोंडावर धरला, हसू आवरत नव्हतं. आई मात्र हसली नाही. म्हणाली, "केकची कुठं भट्टी असते? बह्याड समजतो काय मले?" अन् माझ्या अगदी जवळ आली. "तोंड उघड."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला. डोळे मिटून, लक्ष देऊन, सवयीनं. सवयीनं! ते डोळे मिटणं, ती जवळ उभं राहण्याची जागा, सगळं मला माहीत होतं. मी रोज संध्याकाळी ते पाहत होतो. पाण्याचा गिलास हातात असायचा, एवढाच फरक.

थोबाडीत बसली तेव्हा इतकं लागलं नव्हतं. मी विचारलं, "माय, तू रोज पाणी देते ते… वास घ्यासाठी?"

आई खाली बसली. बहीण हसायची थांबली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"अठ्ठावीस साल?" मी म्हटलं. "मी एक थेंब नाई घेतला माय. लग्नात नाई, यारादोस्तात नाई. अन् तुहा माह्यावर रोजच्या रोज संशय?"

"इश्वास होता रे बापा," आई म्हणाली. "पण भेव बी होतं. तुह्या बापानंही शपथ घेतली होती."

मला हे माहीतच नव्हतं. मी रडलो, बहिणीच्या अंगणात, लेकरासारखा. मला राग आला होता, लाज वाटत होती अन् आईची कीवही येत होती. त्या रात्री ती माझ्यासोबत आली नाही. म्हणाली, "पहिले तुही भट्टी मले दाखव. मंग पाहू."

शनिवारी मी तिला बोरगावहून थेट सौंसरच्या दुकानात नेलं. माझ्या हातात केकचा डबा, तिच्या हातात तीच कापडी पिशवी. दुकानदारानं आधी मायक्रोवेव्हच पुढे केला. आतली काच फिरली, आईनं आत हात घातला अन् म्हणाली, "हे तं थंडंच आहे. भांडं तपत नाई तं भाजते काय?" दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मग त्यानं ओटीजी काढला, वर दोन सळ्या, खाली दोन सळ्या, एका खटक्यानं वरची, खालची किंवा दोन्ही लागणारी. आई वाकून पाहून राहिली. "हे रोडग्यासारखं होय," ती म्हणाली. नवस फेडायला रोडगे करतात ते असेच, खाली गोवऱ्यांचा विस्तव, मधे कणकेचे गोळे, वरून पुन्हा विस्तव.

अन् मग तिनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली भिजवलेली कणीक काढली! माझं तर तोंडच उघडं राहिलं. दुकानात, लोकांसमोर, तिनं लिंबाएवढे चार गोळे केले. "चार कोपऱ्यांत चार ठेव अन् लाव," दुकानदाराला म्हणाली. तो बिचारा "माँजी, ये डेमो पीस है" म्हणत राहिला, ऐकते कोण? अर्ध्या तासानं गोळे काढले तं तीन तांबूस अन् मागच्या डाव्या कोपऱ्यातला पांढरा. "याचा एक कोपरा मेला आहे. दुसरी दाखव." दुसऱ्या, थोड्या मोठ्या ओव्हनमध्ये चारी गोळे सारखे भाजले. माझा डबा आत ठेवून पाहिला, चारी बाजूंनी तिची दोन-दोन बोटं जात होती. आईनं एक गोळा फोडून दुकानदाराला दिला, एक मला, अन् म्हणाली, "हेच भट्टी घे."

भट्टी हा शब्द ती म्हणाली. मी चमकून पाहिलं. ती गोळा चावत होती.

त्या दिवशी आई घरी आली. देवाचा फोटो पुन्हा कोनाड्यात लागला. पण संध्याकाळचा गिलास सुरूच राहिला. आता मला ठाऊक होतं अन् तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. पाणी प्यायचो, श्वास जरा मोठा सोडायचो, ती "थकला का रे?" विचारायची.

मग संत्र्याचा बहार आला. केक मी करायचो, पण भट्टी आईनं ताब्यात घेतली होती. आधी किती तापवायची, केक केव्हा फिरवायचा, सगळं काचेसमोर पाटावर बसून तीच ठरवायची. एके दिवशी शाळेतून आलो तं दारात कोणी नाही. कुलूप तं नव्हतं. मी चपला न काढताच आत धावलो.

आई ओव्हनसमोर बसली होती. मान वळवलीच नाही. "पाणी घे रे तुह्या हातानं," म्हणाली, "मी उठली तं केक करपते."

मी जागीच थिजलो. बायको विचारून राहिली, "काय झालं? असे काय उभे?" माठाजवळ गेलो, गिलास भरला, प्यायलो. मग तोच गिलास पुन्हा भरला अन् आईला नेऊन दिला. तिनं काचेवरची नजर न काढता तो घेतला अन् गटागटा पिऊन टाकला.