बबनरावांच्या घरचं बियाणं

उमरखेडच्या मोहिउद्दीन मेकॅनिकची मुलगी गझाला कृषी पदवीनंतर बरबटीवरच्या, म्हणजे चवळीवरच्या, विषाणूंच्या सर्वेक्षणात कामाला लागली. वावरात पाच ठिकाणी थांबायचं, रोगट झाडं मोजायची, पानं पाकिटात भरायची. महागाव तालुक्यातल्या एका गावात मात्र तिला कोणी धड उभंही करेना.

"तूच रोग पसरवून राह्यली!" बबनराव अंगावर धावून आले. गावात त्यांचा शब्द चालायचा. "रोगट पानं घेऊन वावरावावरानं फिरतं तू." त्यांनी पिशवी हिसकली, पाकिटं बांधावर ओतली आणि पानं पायानं चिरडली.

"पाकिटात बंद पानानं नाही पसरत, काका. माव्याची कीड पसरवते. नाही तं बियाण्यातूनच येते."

"माझं बियाणं खराब? तीस वर्षांपासून सारं गाव माझ्याच घरचं पेरते!"

हे वाक्य गझालाच्या डोक्यातून जाईना. बबनरावांचा धाकटा भाऊ शाम याच्याकडून तिनं तेच बियाणं मूठभर मागून घेतलं आणि यवतमाळच्या कृषी संशोधन केंद्रात बारीक जाळीच्या आत, मावा शिरणार नाही असं, लावलं. दोन आठवड्यांत शंभरातली अकरा रोपं आकसली, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटले. तपासणीत विषाणू निघाला.

गावात बभ्रा नको, म्हणून ती आधी बबनरावांच्याच घरी गेली. त्यांनी सगळं ऐकलं.

"कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही. तुमीच सांगा, लोक तुमचं ऐकतीन."

"ओट्यावरून उतर आधी."

पेरणी तोंडावर आली तरी त्यांनी गावाला काही सांगितलं नाही. मग गझाला बियाणं बदला म्हणत घरोघर फिरली. कुणी दार लावलं, कुणी कुत्रं सोडलं. बबनरावांच्या बायकोनं, बेबीताईनं, भर रस्त्यात तिला शिव्या घातल्या, "आमचं नाव बुडवाले आली काय वं?" तरी गल्ली संपेपर्यंत गझाला फिरली. बियाणं बदललं ते फक्त शामनं आणि आणखी दोन घरांनी.

त्या हंगामात शामची बरबटी शेंगांनी वाकली, लागूनच असलेली भावाची पिवळी पडली. बबनरावांनी शामशी बोलणं तोडलं. घरातल्या कार्यालाही त्याला बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी लोक नेहमीसारखे बियाणं मागायला आले, तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "यंदा नाही देत." काहून, ते कुणालाच सांगितलं नाही. गझाला मोजणीला आली, तर तिच्याकडे पाठ करून पिकातून डवरा हाकत राहिले. तिनं वही उघडली आणि शेजारच्या वावरात शिरली.