तांदळातलं नाव

काल लेकीच्या लग्नात जावयाने ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहायला घेतलं आणि मला सिन्नरची बँक आठवली. आई मला सोबत घेऊन पहिलंच खातं उघडायला गेली होती. शाळेच्या दाखल्यावर मंदा, रेशनकार्डावर सुनीता.

"या दोन वेगळ्या बाया आहेत," कारकुनाने कागद परत सरकवले. "मंदाला घेऊन या."

"मीच मंदा हाय. मालकांनी लग्नात नाव बदललं."

"पुरावा?"

आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा कारकुनाचा संताप आला होता. पण त्याने निदान मंदाला बोलावलं तरी. आमच्या घरात तिची आठवणही कुणी काढली नाही.

काल लेकीने तसंच माझ्याकडे बघितलं. मी तांदळावरून तळवा फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला नाव आहे."