काट्यावरची जुनी फाइल

नाजिया शेखच्या जिभेला हाड नव्हतं. चंद्रपूरच्या एका मोटरमिस्त्रीची ही पोरगी इंजिनीअर झाली, भद्रावतीकडच्या एका कोळशाच्या वजनकाट्यावर कामाला लागली आणि पहिल्याच महिन्यात साहेबाला तोंडावर आळशी म्हणाली. भीती काय असते ते हिला ठाऊकच नाही, असं सारे म्हणत. तिलाही तसंच वाटे.

२००६ च्या मे महिन्यात एका सकाळी तिने ट्रकना बाहेर सोडायचे पास छापणाऱ्या प्रोग्रामची नवी जार फाइल सर्व्हरवर चढवली आणि पास छापणं बंद पडलं. स्क्रीनवर एकच रडगाणं: प्रोग्रामच्या या तुकड्यात, म्हणजे या क्लासमध्ये, वजन तपासायची कृती, मेथडच नाही. अरे, नाही कशी? तिने स्वतः लिहिली होती! फाइल उघडून पाहिली, मेथड होती. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं सुरळीत चालत होतं.

दुपारपर्यंत नव्वद ट्रक अडले. उन्हाने आणि तहानेने ड्रायव्हर पिसाळले होते. पहिला दगड खिडकीतून आत आला, काचा तिच्या की-बोर्डवर सांडल्या. काट्यावरचा म्हातारा कारकून लहानू दारात आडवा उभा राहिला.

"बाई पाहून राह्यली ना भाऊ, दम धरा थोडा!"

"हाच पास दाबून बसला! मारा याले!"

नेमकं तेव्हाच नाजियाला सापडलं. नवी फाइल ठेवताना जुनी तिने काढलीच नव्हती. फाइलच्या नावाआधी 'जुनी' लिहून त्याच फोल्डरमध्ये राहू दिली होती. नवा पार्ट चालल्याशिवाय जुना फेकायचा नाही, ही बापाच्या गॅरेजची शिस्त. पण सर्व्हरला नावाशी काय घेणं? फोल्डरमधली प्रत्येक जार फाइल तो उचलतो. क्लास दोन्हींत एकाच नावाचा, आणि या गाढवाने धरला जुना.

बाहेर चाक खोलायची लोखंडी टामी लहानूच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आतपर्यंत आला. म्हातारा पडला, मग लाथा सुरू झाल्या. दार चार पावलांवर होतं. जाऊन एवढंच ओरडायचं होतं की चूक माझी आहे, त्याला सोडा. आधी दुरुस्त करू, मग जाऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. जुनी फाइल उडवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो उठायला तीन मिनिटं लागत. त्या तीन मिनिटांत तिच्या हाताला काहीच काम नव्हतं. ती टेबलाखाली बसून राहिली.

पास छापून निघू लागले तशी तीच माणसं शहाण्यासारखी रांगेत आली. लहानूच्या रक्तात पाय देत एकेकाने आपला पास नेला. तिनेही तो मुकाट्याने दिला.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. लहानूचा उजवा हात कोपराखाली कापला होता.

"लहानूभाऊ, चूक माझी होती," ती रडत म्हणाली. "तुमची काहीच नव्हती."

लहानूने तिच्याकडे पाहिलं.

"मले काऊन सांगता बाई? तवा त्याइले सांगाचं होतं."