तांदूळ निवडणारा हात

"मावशी, जरा पुढे या," सर म्हणाले. "शेतावर म्हशीला हाक मारता ना? तशी एक मारून दाखवा."

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. सरांच्या दिवाणखान्यात मोठी सतरंजी होती, मीच अंथरलेली. तिच्यावर गाणं शिकणारी पंधरा-वीस मुलंमुली, त्यांच्या आया, दोन-तीन वडील. मी पेढ्यांचं ताट फिरवत होते. सर मुलांना आवाज कसा लावायचा ते समजावत होते.

मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. सगळे बघत होते. मी ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि हाक मारली.

पुढे बसलेली मुलं दचकली. मग हशा.

एक आई म्हणाली, "अय्या मावशी, परत मारा ना, मोबाइलवर घेते. अलार्म लावीन. आमचे हे उठतील तरी!"

पुन्हा हशा. सरांनी हात वर केला. "बघा मुलांनो. याला म्हणतात गळा. याला गाणं म्हणत नाहीत. नुसत्या गळ्यानं भागत नाही, कान लागतो. आणि कान घरातून यावा लागतो."

मी ताट उचललं. उरलेले पेढे वाटले. हसणाऱ्या आईलाही दिला. तिनं "थँक्यू मावशी" म्हटलं.

कान लागतो. हे त्या माणसानं म्हणावं. तेही मला सगळ्यांपुढे उभं करून.

आता नीट सांगते.

मी तळेगावजवळच्या आंबी गावची. शाळा चौथीपर्यंत. सर घोरावाडी स्टेशनजवळ राहतात, एकटेच. त्यांच्याकडे मी सात वर्षं स्वयंपाक आणि वरकाम केलं. एकटे असले की मला अगं-तूगं करायचे. लोकांत मावशी, अहो.

तळेगावात सरांचं नाव होतं. एकेका मुलाला वेगळं बसवायचे. सा नीट लागेपर्यंत पुढचा सूर द्यायचे नाहीत, मग महिना जावो की चार महिने. सूर जरा घसरला की त्यांचा पंजा वर. "पुन्हा." घरून रियाज करून न आलेलं मूल त्यांना पहिल्या मिनिटात कळायचं. आईबाप बाहेरच्या खुर्च्यांवर बसून ऐकायचे आणि एकमेकांत म्हणायचे, सरांचा कान म्हणजे कान!

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी फरशी पुसत होते. एक मुलगी गात होती. गाता गाता तिचा सूर खाली गेला आणि माझा हात फडक्यावर थांबला. आपोआप. सर मात्र मान डोलवत होते. मुलगी गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू मघाशी का थांबलीस?"

"ती उतरली व्हती ना सर. शेवटाला."

त्यांनी तंबोरा बंद केला. मग त्यांनी सांगितलं. वरचे सूर त्यांना आता नीट ऐकू येत नव्हते. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की तंबोराही पत्र्यासारखा वाजायचा. यंत्र टेबलाच्या खणात पडून होतं. म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मुलं जातील." त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं. मी माझ्या मुलीलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या वेळी मी दाराशी, त्यांना दिसेल अशी, तांदळाची परात घेऊन बसू लागले. सूर बरोबर असला की माझा हात चालू. चुकला की बंद. उतरला असेल तर हात परातीत ठेवायचा, चढला असेल तर काठावर. सर हाताकडे बघायचे आणि पंजा वर करायचे. "पुन्हा. उतरलास." बाहेरचे म्हणायचे, वा!

हल्ली पाकिटातल्या तांदळात खडा शोधून सापडत नाही. निवडलेले तांदूळ मी परत परत निवडायचे. चार वर्षं. कुणी विचारलं नाही, या घरात एकट्या माणसाला इतका भात कशाला लागतो.

त्या चार वर्षांत मी सगळं शिकले. सुरांची नावं, पलटे, कुठल्या रागात काय येतं आणि काय येत नाही. सकाळी कामाला येताना इंद्रायणीच्या पुलावर कुणी नसलं की सा लावायचे. समोरून मोटरसायकल आली की बंद. एकदा धीर करून म्हटलं, "सर, मला बी शिकवा की."

"तुला?" ते हसले. वाईट हसले नाहीत. "अगं, वही कोण लिहिणार?"

"लिवीन की. चौथी झालीय माजी."

"या वयात गळा वळत नाही. आणि मुलांच्या घरचे काय म्हणतील, मावशीला शेजारी बसवलं म्हणून? रोज ऐकतेस ना? तेवढं पुष्कळ आहे."

मला ते पटलं होतं. याची मला आज लाज वाटते. म्हशीच्या हाकेची वाटत नाही. आमच्याकडे म्हशी आहेत, मी त्यांना हाक मारते, त्या येतात.

गुरुपौर्णिमेनंतर तीन दिवस पुलावर तोंड उघडलं नाही. सगळे हसले त्याचा राग उतरला. पण ते कानाचं बोलणं उतरेना. चार वर्षं माझ्या कानावर क्लास चालवला आणि मला कान नाही म्हणून सगळ्यांना दाखवलं. मी ठरवलं. सूर चुकला तरी हात थांबवायचा नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

शनिवारी रेवती आली. चौदा वर्षांची, गाण्याच्या परीक्षेला बसणार होती. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा ही पोरगी मान खाली घालून बसली होती, ते मी पाहिलं होतं. तिची आई बाहेरच्या खुर्चीवर. रेवतीनं आलाप सुरू केला. वरचा सा आला. खाली राहिला. माझा हात चालूच.

सरांनी हाताकडे बघितलं. "वा!"

पुन्हा तीच जागा. पुन्हा सा पोचला नाही. हात चालू.

"छान. असंच गा परीक्षेत."

रेवतीचा चेहरा मी बघत होते. तिला कळत होतं की काहीतरी लागत नाहीये. ती सरांकडे बघत होती आणि सर माझ्या हाताकडे. तिनं तिसऱ्यांदा सा लावला, आणखी जोर करून. तोही तसाच.

या पोरीनं माझं काय केलं होतं? तिचं वाटोळं करून माझा अपमान भरून येणार नव्हता. पण गुपचूप हात थांबवायचा, म्हणजे पुन्हा तेच.

मी परात बाजूला सारली आणि उभी राहिले.

"पोरी, तुजा वरचा सा पोचत न्हाई. खाली ऱ्हातोय."

क्लास चालू असताना त्या खोलीत माझं हे पहिलं बोलणं.

रेवतीची आई आत आली. "मावशी, तुम्ही तुमचं काम बघा. सर बसलेत ना?"

सर म्हणाले, "तुम्हाला कोणी विचारलं?"

बोलता येईना. म्हणून गायले. तंबोरा चालूच होता. खालच्या सा पासून एकेक सूर चढत वर गेले आणि वरच्या सा वर थांबले. धरून ठेवला. रेवतीनं माझ्याकडे बघत आवाज लावला. आधी खाली होता. मग सरकला, सरकला, आणि दोन्ही आवाज एक झाले.

"आई, लागला!" रेवती म्हणाली. "आत्ता लागला!"

आईनं पर्स उचलली. "चल, उशीर होतोय." दारातून तिनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

त्या गेल्यावर सरांनी दार लावलं. "मला उघडं पाडायला निघालीस?"

"न्हाई सर. तुमाला ऐकू येत न्हाई हे मी कुणाला सांगायची न्हाई. त्यात हसण्यासारखं काय न्हाई."

"मग झालं तर. सोमवारपासून नेहमीसारखं बस."

"न्हाई. मला सतरंजीवर बसवा. सगळ्यांसारखं शिकवा. आन त्या दिशी ज्यांच्यापुढं बोलला, त्यांना सांगा, या बाईला कान हाय."

सर खुर्चीत बसले. म्हातारे दिसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला शिकायचंय ना? शिकवतो. खरंच शिकवतो, माझ्याजवळ आहे ते सगळं. दुपारी ये. कुणी नसताना."

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यापुढे होतं. हो म्हणायचं, एवढंच. हो तोंडापर्यंत आलंही होतं. सरांसारखा शिकवणारा मला दुसरा मिळायचा नाही, हे मला त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

"कुणी नसताना न्हाई, सर."

"हट्ट करू नकोस. माझी अडचण समजून घे."

"चार वर्सं घेतली समजून."

ते खिडकीकडे बघत राहिले. मी परात जागेवर ठेवली, ओटा पुसला, चपला घातल्या आणि घरी आले. परत गेले नाही. दोनदा फोन आला, तो उचलला नाही.

मुलगी म्हणते, "आई, तू बोललीस? तू?" मलाही खरं वाटत नाही. पण बोलले.

लोणावळ्यात एक बाई गाणं शिकवतात असं कळलंय. त्यांना मी कधी बघितलेलं नाही. सोमवारी जाणार आहे. दार उघडल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणतील, कामासाठी आलात का? तर सांगायचं, नाही, शिकायला आले. किती शिकलात विचारलं तर चौथी. वय विचारलं तर सेहेचाळीस. घसा कोरडा पडेल. पडू दे. तिथंही नाही म्हणाले तर देहूरोड आहे, पुणं आहे. दारं पुष्कळ आहेत, एकेक वाजवीन.

पण दाराशी बसून ऐकणार नाही. पुलावर मोटरसायकल आली म्हणून गप्प होणार नाही. माझं नाव वहीत लिहून, दिवसाउजेडी, भरल्या खोलीत शिकवणार असतील त्यांच्याकडेच मी शिकेन.