पोर द्या, मग उतरते

“हिला पोर देऊ नका आत्ताच. आधी हिला धुवा.”

सिस्टर आयाला म्हनाली. माज्याकडं बघून न्हाई, दाराकडं तोंड करून, हातमोजे काढता काढता. धुवा. बैल धुतात, टायरगाडी धुतात, तसं. मी बाळंतपनाच्या टेबलावर पडलेले. पहिलं बाळंतपन. पाय अजून थरथरत हुते आन पोरगी दोन हातांच्या अंतरावर, दुसऱ्या टेबलावर रडत हुती.

अंग माजं काळं हुतं, खोटं कशाला बोलू. आमी पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की टोळीसंगं श्रीगोंद्याच्या बाजूला ऊस तोडायला येतो. त्या दिवशी पेटवलेल्या उसाचा फड हुता. पाचट जाळून मग तोडायचं, तर काजळी उडती. नाकात, केसात, झंपरात, समदीकडं जाऊन बसती. कळा सकाळपास्नंच हुत्या, पन बोलले न्हाई. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बाई बसली की अर्धा कोयता बसला. दुपारपतोर मोळ्या बांधल्या, मग उभंच ऱ्हाता येईना, तवा मुकादमाच्या जीपमंदी घालून तालुक्याच्या दवाखान्यात आनलं. न्हाऊनधुऊन, पावडर लावून यायला मला कुनी सवड दिलती?

आया वाईट न्हवती, भित्री हुती. घटकाभरानं मला उठवलं आन म्हनाली, “बाई, नळ तिकडं हाय.” भिंत धरून धरून मी गेले. पानी गार. खाली रगत चाललेलं आन मी उभ्यानं अंग घासतीया. छाती तर लाल व्हईस्तवर घासली. आन सांगते, त्या टायमाला मलाबी तेच पटलं हुतं. आपन घान, आपलं दूध घान. सिस्टर शिकलेली हाय, तिला कळत असंल.

अंग धुऊन आले तर म्हनाली, “डोकं पण बांध, केसांतून काय काय पडतंय.” डोकं बांधलं. मग ती दुसऱ्या पेशंटकडं गेली. मग तिचा चहा. चारच्या सुमाराला झालेली पोरगी, मला दिवेलागनीला मिळाली.

तवर तिला पावडरचं दूध चमच्यानं पाजून झालं हुतं. वर माजी सासू, तिला मी आत्या म्हनते, तिनं मधाचं बोट चाटवलं हुतं. पोरगी पोट भरून झोपली हुती. मी छातीला लावली तर तोंडच उघडंना. गालाला टिचक्या मारल्या, तळपाय चोळले. काय न्हाई.

आत्या म्हनाली, “ऱ्हाऊ दे. तीन दिस चीक पिळून टाकायचा आसतो. जड आसतो त्यो.”

टाकला. पिवळाजर्द, घट्ट. न्हानीच्या कोपऱ्यात पिळायचे आन वरनं पानी वतायचे. दवाखान्यानं सांगितलं घान हाय, घरच्यांनी सांगितलं जड हाय. दोघांचं एकमेकाशी एरवी कशात पटत न्हाई, हितं बरं पटलं. चवथ्या दिवशी छाती दगडावानी झाली, ताप भरला, आन पोरीला तवर बाटलीच्या बोंडाची सवय झालेली. माजं ती धरंचना. धरलं तर सोडून रडायची. कोपीवर, आमच्या पाचटाच्या खोपटात, परत आलो. तिथं पानी कॅनॉलचं. तेच उकळायचं, तेच बाटलीत. महिन्याच्या आत पोरीला जुलाब लागले, आन श्रीगोंद्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. जगली. माजी पोर चिवट हाय.

आता शाळेच्या रांगेत समद्यात म्होरं उभी ऱ्हाती. हुशार म्हनून न्हाई, बुटकी म्हनून. डॉक्टर म्हनतात, असं एकाच गोष्टीनं व्हत न्हाई. न्हाई व्हत आसंल. मी कुठं डॉक्टर हाय? पन त्या संध्याकाळचे तास माज्या डोक्यातनं जात न्हाईत.

दुसऱ्या टायमाला दिवस ऱ्हायले तवा आमी गावाकडं हुतो. पावसाळ्यात ऊसतोड बंद आसती. आमच्याच गल्लीतली आशाताई घरी आली, माजं वजन केलं, गोळ्या दिल्या, आन बोलता बोलता म्हनाली, “पहिला चीक टाकू नको बरं का. तेच तर खरं औषध. जन्मल्या जन्मल्या तासाभरात लावायचं, जमलं तर वार पडायच्या आदीच.”

मी म्हनलं, “आन अंग घान आसंल तर?”

ती म्हनाली, “मग वल्या फडक्यानं पूस. दूध आतनं येतंय, त्याला कशी काजळी लागंल?”

मला बरं न्हाई वाटलं हे ऐकून. राग आला. इतका आला की मी तिलाच बोलले, तू पयलं कुठं मेलती म्हनून. वलं फडकं. दोन मिनिटांचं काम. त्या दवाखान्यात फडकं न्हवतं का? पानी न्हवतं का? समदं हुतं. फक्त माज्यासाठी वाकायचं न्हवतं कुनाला. आन मी येडी, दोष माजाच म्हनून छाती घासत बसले. ऊस आमी तोडायचा, साखर समद्यांनी खायाची, आन त्या उसाची काजळी अंगावर आली तर पोराला हात लावायचा न्हाई. हा कुठला न्याय?

माघात फडावरनंच पुन्यांदा तोच दवाखाना. तीच खोली, तेच टेबल. सिस्टर दुसरी. पोरगा झाला, रडला. मी मान उचलून बघते तर तिनं त्याला वजनकाट्यावर ठिवला, गुंडाळला आन बाजूला निजवला.

“चल, उतर आता. बाहेर बागायतदारांच्या सूनबाई थांबल्यात. तू जाऊन स्वच्छ हो, बाळाचं नंतर बघू.”

“पोर द्या. मग उतरते.”

“अवतार बघ आधी तुझा.”

मी आयाला म्हनलं, “मावशी, एक वलं फडकं द्या.” तिनं सिस्टरकडं बघितलं, मग माज्याकडं, आन गुमान दिलं. पडल्या पडल्याच मी हात पुसले, छाती पुसली. फडकं काळं झालं, ते मावशीच्या हातात दिलं आन सिस्टरला म्हनलं,

“पुसलं. आता द्या.”

“ए, माझ्यावर ओरडायचं नाही.”

“मी वरडत न्हाई. मी उतरत न्हाई.”

फडात आमचं असंच आसतं. मुकादमाशी जमलं न्हाई तर तोंड चालवून काय व्हत न्हाई. समदी टोळी कोयता खाली ठिवती आन बांधावर जाऊन बसती. हात थांबले की मगच कुनीतरी ऐकतं. मी टेबलाच्या दोन्ही कडा धरल्या आन छताकडं बघत पडले. बाहेर ती सून कळांनी विव्हळत हुती, तिची सासू दार वाजवत हुती. तिची कळ मला कळत हुती, बाईच हाय मीबी. तरी हालले न्हाई. तिचं मला वाईट वाटतं. लाज वाटत न्हाई.

सिस्टरनं पोरगं आनलं. दिलं कसलं, टाकलं म्हना माज्या अंगावर. त्यो वळवळला, नाक घासलं, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा धरलं. असं वढलं की माज्या ओटीपोटात कळ गेली. मी मोठ्यानं रडले. लेकीसाठी रडले, खरं सांगायचं तर. मग त्याला तसाच छातीला धरून, आयाचा हात धरून उतरले.

दारात आत्या मधाची बाटली घेऊन उभी. म्हनलं, “त्यो मध तुमी चाटा आता.” दोन दिस बोलली न्हाई माज्याशी. सिस्टर जाता-येता म्हनायची, “या लोकांना तोंड फार फुटलंय.” निघायच्या दिवशी कागद द्यायला आमाला संध्याकाळपतोर बसवून ठिवलं. बसलो. पोरगं पीत हुतं.

औंदा माज्या धाकट्या जावेला दिवस गेलेत. एकोनीस वर्षांची, भित्री, मोठ्यानं बोललं तरी डोळ्यांत पानी येतं तिच्या. तिचं बाळंतपन हंगामातच येनार, आन दवाखाना तोच आसनार. नातेवाइकानं बाहेर थांबायचं आसा नियम हाय म्हनं. मी आत जानार हाय. मला बाहेर काढायला चौघं लागतील, आन चौघंजन तिथं कधीच नसतात.

कळा कशा द्यायच्या ते मी तिला शिकवलं न्हाई, ते अंगच शिकवतं. एकच सांगितलंय, आन रोज फडात वदवून घेते: पोर छातीला लागल्याबिगर टेबल सोडायचं न्हाई. बाहेर कुनाचीबी सून थांबू दे.