दांड्यावरची जागा

बेरिल टॅन्सली हट्टी आहे, हे विटकोट धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. हट्टी म्हणजे किती, तर नवरा डेस्मंड गेल्यावर लोक केक घेऊन सांत्वनाला आले आणि हिनं प्रत्येकाच्या हातात एकेक ब्रश दिला. दोघं राहायची त्या बोटीचं छत अर्धवट रंगवून गेला होता तो. "रडायचंय तर रडा, पण कडेची रेघ सरळ मारा," म्हणाली. आता अशा बाईला शहाणपण शिकवायला जाणं म्हणजे आपलाच वेळ फुकट घालवणं. पण पोटच्या पोरीला तो हक्क असतोच.

ही पोर म्हणजे लॉर्ना. पन्नाशीला आलेली, अंगानं चांगली भरलेली, थेट बापाच्या वळणावर गेलेली. दर रविवारी गावातून गाडी घेऊन यायची आणि बोटीत पाऊल टाकता टाकता सुरू व्हायची.

"आई, माझ्या शेजारची तळमजल्यावरची जागा रिकामी झालीय. नळ सोडला की पाणी येतं तिथे."

"माझ्याही नळाला येतं."

"टाकी भरलेली असेल तेव्हा."

खरं दुखणं तिथंच होतं.

तिची बोट 'टीझल' कालव्याच्या वळणावर, ओकच्या झाडाखाली बांधलेली असे. टाकीत पाणी भरायचा नळ, संडासाचा डबा ओतायची जागा, कचऱ्याचे पिंप, सगळं पुढच्या धक्क्यावर. आणि मधे तो लाकडी पूल. शेतातून चर्चला जाणाऱ्या माणसांपुरता बांधलेला, आणि पाण्याच्या इतका जवळ, की बोट न्यायची तर पूल उचलावाच लागतो. पलीकडच्या काठावर त्याचा लांब दांडा आहे, तिरका वर गेलेला. साखळी ओढून दांडा खाली आणला की पुलाची फळी वर उठते. मग बोट जाईपर्यंत कुणीतरी दांड्यावर बसून राहायचं. उठलात की फळी खाली.

बसायचा डेस्मंड. तो बसला की पुलाची हलायची बिशाद नव्हती. पाइप ओढत बेरिलच्या बोट चालवण्याला नावं ठेवायचा. "डावीकडे घे. माझ्या नाही गं, तुझ्या डावीकडे." उभ्या संसारात बेरिलनं सुकाणू सोडलं नाही आणि डेस्मंडनं दांडा. त्या जागी लाकूड घासून गुळगुळीत झालेलं आहे.

तो गेल्यावर उन्हाळाभर काही अडलं नाही. मागून येणाऱ्या बोटीतलं कुणी, कुत्रा फिरवायला निघालेलं कुणी, जो दिसेल तो बसायचा. कालव्यावर ते सांगावं लागत नाही. पण ऑक्टोबर लागला, सुट्टीवाले आपापल्या घरी गेले, आणि दिवसचे दिवस पुलावर चिटपाखरू दिसेना.

तेव्हा बेरिल एकटीच निघाली. बोट पुलाअलीकडे पायवाटेच्या काठाला बांधली, पुलावरून पलीकडे गेली, साखळीला लोंबकळून दांडा खाली आणला आणि ऐटीत त्यावर बसली. बसल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दांडा या काठाला, बोट त्या काठाला, आणि मधला पूल आकाशात. इतकी वर्षं कायम दोघं होती, त्यामुळे ही अडचण तिला कधी सुचलीच नव्हती.

धक्क्याची देखभाल करणारा क्लाइव्ह हॉबडे झाडूवर हनुवटी टेकून मजा बघत होता. "बेरिल, आता बोटीला हाक मार. येतेय का बघू."

त्यात ही बाई हडकुळी. बसल्या बसल्या फळी उतरू लागली आणि ही दांड्यासकट वर. शेवटी तिनं उडी मारली ती चिखलात.

क्लाइव्हच्या तोंडात तीळ भिजत नाही. लॉर्नाला कळलंच. त्या रविवारी ती आली ती बसलीसुद्धा नाही.

"आई, फळी तुझ्यावर पडली असती तर? बाबा गेले तेव्हा मी गाजरं चिरत होते. फोन वाजला. अजून फोन वाजला की माझे हात थांबतात. मला तसला फोन परत नकोय."

बेरिलच्या ओठावर काहीतरी तिखट आलं होतं. पण पोरीचा आवाज कापत होता, म्हणून तिनं ते गिळलं.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "धक्क्यावरच्या बाकावर हाताची घडी घालून बस. मी एकटीनं बोट आणली, तर तुझ्या शेजारच्या त्या जागेचं नाव काढायचं नाही. नाही आणता आली, तर बोट विकून टाक. मी चकार शब्द काढणार नाही."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

आठवडाभर बेरिल चहाचा मग घेऊन पुलाकडे टक लावून बसली. बोट सोडली तर? रात्री पाण्याचा आवाज नसेल तर आपल्याला झोप कशी येणार, हेच तिला कळत नव्हतं. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. एक मात्र तिनं केलं. संडासाचा डबा काठोकाठ भरत आला, तरी ती तो ओतायला गेली नाही.

रविवारी लॉर्ना बाकावर बसली. शेजारी क्लाइव्ह, न बोलावता.

बेरिलनं बोट पुलाअलीकडे आणून थांबवली. पुढच्या दोराचं टोक, तरंगावं म्हणून, एका रिकाम्या डबड्याला बांधलं आणि आकडीच्या बांबूनं ते पुलाखालून पलीकडे सारलं. मग संडासाचा डबा आणि तो बांबू ढकलगाडीवर घालून पुलावर चढली. मधे थांबून पलीकडच्या बाजूनं वाकली, आकडीनं दोराचं टोक वर घेतलं आणि ते कठड्याबाहेरून धरून पलीकडच्या काठावर उतरली. आता पूल उचलला तरी बोट तिच्या हातात होती.

"अरेच्चा," क्लाइव्ह म्हणाला.

साखळी ओढून तिनं दांडा खाली आणला. डेस्मंडच्या जागेवर स्वतः बसली, शेजारी तो भरलेला डबा ठेवला आणि डेस्मंडच्याच कमरेच्या पट्ट्यानं दांड्याला करकचून बांधला. फळी वर गेली ती वरच राहिली. मग ती दोर ओढू लागली.

टीझल हलली. नाक पुलाखाली शिरलं, छत शिरलं, आणि अर्ध्यावर वाऱ्यानं मागचं टोक ढकललं. बोट दगडी कडेला घासून अडकली. बेरिलनं जोर लावला. जोर लावला की ती दांड्यावरून उचलली जायची आणि फळी छताच्या दिशेनं उतरायची. डेस्मंडनं अर्धवट सोडलेलं ते छत फळीपासून हातभर राहिलं.

लॉर्ना ताडकन उठली.

"बस खाली, लॉर्ना," बेरिल दांड्यावरून ओरडली.

"आई, फळी पडेल."

"बस म्हटलं ना."

लॉर्ना बसली. तिनं डोळ्यांवर हात ठेवले, पण बोटांमधून बघत राहिली.

बेरिलनं ओढणं थांबवलं. सगळं अंग दांड्यावर टाकलं आणि दोर सैल सोडला. वारा पडेपर्यंत तशीच बसून राहिली. पाण्यानं बोट आपोआप कडेपासून सुटली. मग तिनं दोर हळूच, अगदी हळूच ओढला. टीझल पुलाखालून निघाली आणि धक्क्याच्या बाजूला येऊन तरंगू लागली.

फळी खाली बसल्यावर बेरिलनं डबा सोडून ढकलगाडीवर घातला. मग ती दोर धरून पुलावरून परत आली आणि बोट नळासमोर बांधली. लॉर्ना उठली, ढकलगाडीवरचा डबा घेतला आणि नाक न मुरडता ओतायला गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

पाणी भरून झालं. धक्क्यापुढच्या रुंद जागेत बोट वळवली.

"डबा तर रिकामा झाला," क्लाइव्ह म्हणाला. "आता परत कशी जाणार?"

"पाण्याचे दोन कॅन भरून ठेवलेत. तू समजतोस तरी काय मला?"

"कॅन राहू दे, आई," लॉर्ना म्हणाली.

ती पुलावरून पलीकडे गेली, साखळी ओढली आणि बापाच्या जागेवर बसली. फळी वर गेली. पूल तसूभर हलला नाही.

बेरिल सुकाणूवर उभी होती. तिला नीट दिसत नव्हतं, वारा डोळ्यांत जात होता, असं ती नंतर म्हणाली.

"डावीकडे घे," दांड्यावरून आवाज आला. "माझ्या नाही गं आई, तुझ्या डावीकडे."

डेस्मंड असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. आज तिनं मुकाट्यानं डावीकडे घेतलं.